चवीनुसार मीठ म्हणजे किती ग्रॅम?

शुक्रवारी सकाळी मी गावच्या हायस्कूलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. आठवी-नववीची पोरं, दोन शेगड्या, एक इलेक्ट्रॉनिक काटा, चार विळ्या आणि वर पत्र्यावर पाऊस. पाऊस फारच जोरात आला की शिकवणं खाणाखुणांनी चालतं. स्वयंपाक आणि घरकाम शिकवायच्या या विषयाचं सरकारी नाव अधूनमधून बदलतं, म्हणून पोरांनी आपलं एक कायमचं ठेवलंय, 'खायचा तास'. मुख्याध्यापकांना ते आवडत नाही. माझी हरकत नाही, कारण दुपारी एक वाजता आम्ही सकाळपासून जे केलं तेच सगळ्यांनी खायचं असतं. करपलं तरी तेच. त्या दिवशी घरून डबा आणायला बंदी आहे.

मी मुळात मास्तर नव्हे, बोटीवरचा कूक. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर बोटीवर, असे ते दिवस होते. दहावीनंतर मीही गेलो. आधी मेसमध्ये ताटं पुसली, मग भाज्या चिरल्या आणि शेवटी चीफ कूक होऊन घरी आलो. मालवाहू जहाजावर वीस-बावीस माणसं असतात. त्यांना तीन वेळा वेळेवर जेवण नाही मिळालं तर काय होतं ते कॅप्टनला विचारा. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या जहाजावर रीतसर प्रशिक्षण झालेला स्वयंपाकी असावाच लागतो. म्हणजे समुद्रात स्वयंपाक हे शिकून, परीक्षा देऊन करायचं काम. किनाऱ्यावर उतरलं की तेच काम 'त्यात काय शिकायचं' होतं, ही गंमत मला निवृत्तीनंतर कळली.

आमच्या शाळेत जो कार्यक्रम चालतो त्याचं मूळ पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करत शिकायचं, अशी त्यांची रचना. त्यात चार विभाग: वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. शिकवायला गावातलीच कामाची माणसं घ्यायची, त्यांना निदेशक म्हणायचं. आमच्याकडे वेल्डिंगला नाक्यावरचा ग्रिलवाला आला, कलमं बांधायला एक बागायतदार. गृह-आरोग्याला बाईच हवी हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. शिवण शिकवणाऱ्या ताई होत्याही, पण त्यांचं बिऱ्हाड चिपळूणला गेलं. जागा रिकामी राहिली. मग कुणाला तरी आठवलं की गावात एक माणूस आयुष्यभर स्वयंपाकच करून पेन्शनीत निघालाय.

पहिल्याच आठवड्यात एस.टी. स्टँडवर एका पोराचा बाप भेटला.

"तात्या, पोरग्याला भाकऱ्या थापायला शिकवताव म्हनं?"

"हो."

"मग उद्या त्याची बायको काय करील?"

"जेवेल."

तो हसला, पण पोराला पुढच्या शुक्रवारी पाठवलंन नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पोरगा आपणहून आला. त्या दिवशी घावने होते.

स्वयंपाकाची सुरुवात मी मिठापासून करतो. पोरांना सांगितलं, घरातल्या एका पदार्थाची कृती आयेला विचारून लिहून आणा. सगळ्या वह्यांत तेच. मीठ चवीनुसार, पाणी अंदाजे, तेल थोडं, तिखट आपल्या आवडीप्रमाणं. वाचणारा बिचारा कोरडाच. मग दुसरा गृहपाठ दिला: आयेला भातासाठी एक मूठ तांदूळ काढायला सांगा, ते पुडीत बांधून आणा. पुन्हा दुसऱ्या दिवशी काढायला सांगा, तेही आणा. काट्यावर ठेवल्यावर वर्ग गप्प झाला. एका घरची मूठ दुसऱ्या घरच्या मुठीपेक्षा बरीच लहानमोठी, पण एकाच बाईच्या दोन दिवसांच्या मुठींत जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा फरक. "तुमची आये अंदाजानं करत नाही," मी म्हटलं, "ती मोजूनच करते, फक्त काटा तिच्या हातात आहे. तुमच्या हातात अजून यायचाय, तोवर हा वापरा."

मिठाचा हिशोब सोपा आहे. भाजी, आमटी, उसळ, तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ बहुतेकांच्या तोंडाला बरोबर लागतं. एक किलो आमटीला दहा ग्रॅम, म्हणजे दोन सपाट लहान चमचे. पोरं याला 'टक्क्याचं मीठ' म्हणतात. मग दुसरा आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाच ग्रॅम म्हणजे एकच चमचा. आता आपल्या ताटाकडे बघा. आमटीतलं मीठ, पेजेबरोबर लोणच्याची फोड, भाजलेला पापड, पावसाळ्यात सुकट नाहीतर सोडे, वर आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, कढी. एका मुलीनं घरातल्या महिन्याच्या मिठाच्या पिशव्या मोजून, माणसांनी भागून, दिवसाचा आकडा काढला आणि तो आजोबांच्या बी.पी.च्या गोळीच्या डबीवर चिकटवला. आजोबा रागावले. डबीवरचा कागद अजून आहे म्हणे.

भाकरीला मी चांगला दीड महिना देतो. लोकांना वाटतं एवढं काय. पण तांदळाच्या भाकरीत सगळं विज्ञान येतं आणि सगळी फजितीही. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते पाण्यात मळलं की चिवट होतं, म्हणून पोळी लाटता येते. तांदळात ते नाही. गार पाण्यात तांदळाचं पीठ मळून थापायला गेलं की कडा फाटतात आणि उचलताना नकाशा होतो. म्हणून पाणी खळखळ उकळायचं, त्यात पीठ घालून उकड काढायची. गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम तो करतो. मग गरम आहे तोवरच मळायचं, आणि इथे वर्गात पहिली बोंब उठते. हाताला पाणी लावा, घाबरू नका, काथवटीच्या कडेवर मनगटानं रेटा, बोटांनी चिवडू नका. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर भेगा पडतात, भेगेतून वाफ निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. फुगणं म्हणजे आत कोंडलेली वाफ, दुसरं काही नाही. 'सुगरणीचा हात' वगैरे जे आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग पाणी कधी सुकलं ते बघणाऱ्या डोळ्यांचा असतो.

कुणाला लवकर येते, कुणाला नाही, आणि यात मुलगा-मुलगी असा फरक मला दिसलेला नाही. फरक दिसतो तो वेगळाच. मुलींची पहिली भाकरी बिघडली की त्या इकडेतिकडे बघतात, कुणी बघितलं का म्हणून. मुलगे बिघडलेली भाकरी उंच धरून सगळ्यांना दाखवतात. मुलींना ती यायलाच हवी होती, मुलग्यांना आली तर बक्षीस. तेराव्या वर्षीच हे एवढं पक्कं बसलेलं असतं. मी काही भाषण करत नाही. फक्त नियम केलाय की पहिली भाकरी प्रत्येकानं मलाच द्यायची आणि ती मी खाणार. माझ्या पोटानं बोटीवर यापेक्षा वाईट पाहिलंय.

मासळीचा तास मात्र मी कुणाच्या सोयीनं ठेवत नाही. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी मिळायला ऑगस्ट उजाडतो. तोवर सुक्यावर भागवायचं. बंदी उठली की बांगडे आणतो. कल्ला लाल आहे का, डोळा बाहेर आलेला आणि स्वच्छ आहे का, बोटानं दाबलेलं मांस परत वर येतं का, हे आमच्या पोरांना मी काय शिकवणार. खारवीवाड्यातली पोरं मलाच शिकवतात. पण एक गोष्ट त्यांच्याही घरात ठाऊक नव्हती. बांगडा, कुपा, तारली असल्या मासळीला बर्फ न लावता उन्हात ठेवलं की तिच्यात हिस्टामाइन तयार होतं. हे विष शिजवून जात नाही, तळून जात नाही, नंतर फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरचे म्हणतात, 'मासळीची ॲलर्जी झाली.' बऱ्याचदा दोष खाणाऱ्याच्या अंगात नसतो, ती पाटी बोटीपासून बाजारापर्यंत किती वेळ उन्हात होती त्यात असतो. आपल्याकडे 'उकळलं की सगळं मरतं' यावर फार विश्वास. जंतू मरतात, त्यांनी करून ठेवलेलं राहतं. हे ऐकून एक पोरगा म्हणाला, "म्हणजे चोर पकडला तरी चोरी झालीच." मी त्याला त्या दिवशी दोन तुकड्या जास्त वाढल्या.

बोटीवर आम्हाला चिरायचे फळे रंगांवरून ठरवून दिलेले असत. कच्च्या मटणाला लाल, कच्च्या मासळीला निळा, सॅलड-फळांना हिरवा. इथे रंगीत फळे कुठून आणणार? विळ्यांच्या पाटांना ऑईलपेंटचे पट्टे मारले. निळ्या पट्ट्याच्या विळीवर मासळी कापायची, हिरव्यावर कोथिंबीर-काकडी. घरी एकच विळी असते, मान्य. मग आधी काकडी चिरा आणि नंतर मासळी. तेवढ्यानं अर्धं काम होतं, खर्च शून्य.

गॅसचं प्रकरण मी सगळ्यात आधी घेतो, खरं तर इथेही आधी लिहायला हवं होतं. गावात आता चुलीशेजारी शेगडी आली, पण शेगडीबरोबर माहिती आली नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. त्याला मुळात फारसा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. वास आला की दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन करायचा. पोरांकडून हे मी अंधारात करून घेतो, म्हणजे डोळ्यांना पट्टी बांधून. सिलिंडर अर्थातच रिकामा.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला ज्या पट्ट्या असतात त्यातल्या एकीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. बी-२७ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी आली तर परत करायची. रिकाम्या टाकीचं वजनही तिथेच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेलीचं वजन. आता गाडीवाला भाऊ टाकी घेऊन आला की आमची पोरं काटा मागतात. त्याला माझं नाव कळलंय असं ऐकतो.

टाकीवरून आठवलं. शेडमधला काटा आम्हाला एका काजूवाल्यानं दिलेला जुना, मोठा. त्यावर टाकी ठेवून शेगडी पेटवली की किती ग्रॅम गॅस जळला ते वाचता येतं. एवढ्यावर दोन शुक्रवार गेले. उघड्या पातेल्यात भात, झाकण ठेवून भात, कुकरमध्ये भात, भिजवलेले वाल आणि न भिजवलेले वाल. आकडे फळ्यावर लिहिले आणि कुणालाही काही समजावावं लागलं नाही. एका मुलीनं त्याच रात्री घरी जाऊन आजीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. आजीनं काढलं. तिनं परत ठेवलं. हे युद्ध अजून चालू आहे.

सरकारी पोषण आहाराच्या निकषात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. आमचे आठवीवाले रोज ते खातात, पण ७५ ग्रॅम भाजी म्हणजे केवढी हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. टाकळ्याची भाजी तेवढी निवडून बघा म्हटलं. कच्ची ताटभर दिसली आणि शिजल्यावर वाटीच्या तळाशी गेली. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर आणि लगेच नंतर चहा नको, हेही तिथेच सांगून टाकतो. कार्यक्रमात रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ताई येऊन ते करतात. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत १२ च्या खाली आलं तर रक्त कमी. कुणाचं किती आलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच की पहिल्यांदा तपासणी झाली तेव्हा चहाची किटली शेडमधून हलवली गेली ती अजून परत आलेली नाही.

पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याचीही परीक्षा घेतो. छोट्या बाटल्या मिळतात, त्यांत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर समजायचं की पाण्यात मैल्याचे जंतू आहेत. बाटल्यांवर विहिरीच्या मालकांची नावं न लिहिता आकडे टाकतो. गावात राहायचंय मला. काळ्या आकड्याच्या घरी पोरगाच जाऊन सांगतो, पाणी उकळून प्या. आणि जुलाब लागले तर काय? एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. इथे 'चवीनुसार' चालत नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला उलट अपायच. करून झाल्यावर चाखायचं, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

शिवणाचं मला विशेष येत नाही, बटण, हूक, उसवलेली शिवण, एवढंच. पण रफू शिकवायला वर्गातच गुरू निघाला. खारवीवाड्यातला एक पोरगा, वर्गात शेवटच्या बाकावर, प्रत्येक विषयात मागे. बापाबरोबर जाळी सांधून त्याचा हात असा बसलाय की फाटक्या दप्तरावर त्यानं आडवे-उभे धागे घालून ठिगळाशिवाय भोक बुजवलं. मुली त्याच्याभोवती गोल करून बसल्या. त्या दिवसापासून त्याला 'मास्तर' म्हणतात आणि तो लाजतो.

बटणावरून एक जुनी गोष्ट. योकोहामाला आमच्या जहाजावर कंपनीचा एक जपानी माणूस तपासणीला आला होता. इंजिनरूममध्ये त्याच्या बॉयलरसूटचं बटण तुटलं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, येऊन त्यानं माझ्याकडे सुईदोरा मागितला. मी म्हटलं, ठेवून जा, मी लावतो. तो तिथेच पिंपावर बसला आणि मिनिटभरात लावलंन, खाली दोऱ्याचे तीन वेढे देऊन, जसं लावायला पाहिजे तसं. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, शाळेत. भात आणि मिसो सूपही शाळेतच शिकला होता. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की जपानमध्ये हायस्कूलात गृहशास्त्र हा विषय आधी फक्त मुलींना सक्तीचा होता. १९९३ पासून माध्यमिक शाळेत आणि १९९४ पासून हायस्कूलात तो मुलग्यांनाही सारखाच सक्तीचा झाला. फिनलंडमध्येही सातवीला सगळ्यांना आहे.

आणि यात आपला एक धागा आहे. आमच्या धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला उतरलं की दापोली तालुका लागतो. त्यातलं मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि त्यातून १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव घेऊन वाढलं. १९०१ साली निघालेल्या त्या जपानी संस्थेत गृहशास्त्राचा विभाग पहिल्यापासून होता. म्हणजे हा विषय जपानकडून कोकणातल्या माणसाच्या हाती येऊन शंभर वर्षं झाली. बायकांच्या शिक्षणालाच विरोध होता त्या काळात त्यांनी तो बायकांपर्यंत नेला हे फार मोठं काम. पण पुढच्या शंभर वर्षांत आपण तो तिथेच ठेवला. जपान्यांनी पुढे मुलग्यांना त्यात बसवलं, आपण अजून एस.टी. स्टँडवर 'त्याची बायको काय करील' विचारतोय.

माझ्या शाळेच्या दिवसांत कार्यानुभव होता. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कामाचा अनुभव शिक्षणात हवा असं सांगितलं, त्याच्याही आधी १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली. एवढ्या मोठ्या माणसांचा विचार आमच्यापर्यंत पोचेस्तोवर कागदी फुलं आणि सूत काढायची टकळी झाला होता. मुली विणकाम करायच्या, मुलगे बागेत माती उकरायचे, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जायचा. तास गणिताला जाणं आजही चालू आहे, कुठली शाळा ते विचारू नका. आणि ती जर्नलं! साहित्य, कृती, निष्कर्ष, लाल शाईची समास-रेघ. शेगडीला हात न लावलेल्याचं जर्नल नेहमी सगळ्यात सुंदर असतं. पाककला स्पर्धांचंही मला तसंच वाटतं. टोमॅटोचं गुलाबाचं फूल करून ताटात ठेवणाऱ्याला पहिला नंबर, आणि वीस माणसांचा भात एक वाजता तयार ठेवणाऱ्याचं नावही कुणी घेत नाही.

एक गृहपाठ मात्र लिहायचाच असतो. रविवारी सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत घरात कोण काय काम करतं आणि त्याला किती वेळ लागतो, ते लिहायचं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं निघालं. आमच्या वह्यांत पुरुषांची ९७ भरायची पंचाईत झाली. एकानं आईच्या रकान्यात पानभर लिहिलं होतं, पाणी भरणं, लाकडं, शेण, भाकऱ्या, धुणी, पेज, आजीचं तेल, सांजवात. बाबांच्या रकान्यात एकच शब्द, 'देखरेख'. मी ते पान वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. तो हसला नाही, त्यानं खरंच लिहिलं होतं.

हिशोबाचा तास मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे भांडणं होतात. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पोरांनी मे महिन्यात घरी काढलेलं रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ आणलं. त्याचं सरबत करून पालकसभेला विकायचं ठरलं. ग्लासाची किंमत काढायला बसले. साखर, जिरं, ग्लास, बर्फ धरलं. रातांबे शून्य. "घरचेच आहेत, फुकट." मी विचारलं, व्यापाऱ्याला दिले असते तर पैसे आले असते ना? मग ते तुम्ही सरबतात ओतलेत. इकडे एकजण म्हणाला, पण व्यापारी आमच्या वाडीत येतच नाही, सडून गेले असते. दुसरी म्हणाली, मग तुझे फुकट, माझे नाहीत. तिसऱ्यानं विचारलं, रातांबे फोडायला आये तीन दुपारी बसली होती, तिचं काय धरायचं? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मजुरी धरली, रोजगार हमीचा दर बघून. त्यामुळे ग्लासाची किंमत एवढी वाढली की पालकांनी कुरकुर केली. पोरांनी किंमत उतरवली नाही. काही ग्लास उरले, ते आम्हीच प्यायलो आणि तोटा फळ्यावर लिहिला.

पुढच्या शुक्रवारी अळू आहे. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. म्हणून नीट शिजवायचं आणि आमसूल नाहीतर चिंच घालायची, हे मुलांना ठाऊक आहे. ते कशासाठी, हे यावेळी बघू. शेडला अजून धुराडं नाही आणि एक कुकर कमी पडतो. कुणाच्या माळ्यावर जुना पाच लिटरचा पडून असेल तर कृपा करून द्यावा. शिट्टी असली पाहिजे. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आम्ही नवे घालू, आणि ते कसे घालायचे तेवढाच एक तास होईल.